जुन्या संगणकांना लिनक्सचा आधार : एका सर्व्हरवर चालणारी संगणक प्रयोगशाळा

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०'चा नियमित आधार थांबवला आणि जगभरातील असंख्य धडधाकट संगणक एका दिवसात 'जुने' ठरले. 'विंडोज ११'ला 'टीपीएम २.०' ही सुरक्षा चिप आणि ठरावीक यादीतील प्रोसेसर लागतो. ज्या यंत्रांत तो नाही, ती यंत्रे बिघडलेली नसूनही पुढील आवृत्तीच्या बाहेर राहतात. हा प्रसंग नवा नाही. ११ जुलै २००६ रोजी 'विंडोज ९८'चा आणि ८ एप्रिल २०१४ रोजी 'विंडोज एक्सपी'चा आधार संपला, तेव्हाही शाळा, वाचनालये आणि लहान संस्था याच पेचात सापडल्या होत्या. नवी यंत्रे घ्यायला पैसा नाही, जुन्या यंत्रांवर नवी प्रणाली चालत नाही आणि जुनी प्रणाली महाजालाला जोडणे धोक्याचे, असा हा तिढा आहे.

या तिढ्यावर लिनक्सच्या जगात गेली पंचवीस वर्षे एक उत्तर वापरात आहे. प्रयोगशाळेतील एकच यंत्र सशक्त ठेवायचे आणि बाकीच्या जुन्या यंत्रांनी जाळ्यावरून त्याच्या बळावर काम करायचे, हे त्या उत्तराचे सूत्र. अशा परावलंबी यंत्राला 'थिन क्लायंट' आणि ते पोसणाऱ्या यंत्राला 'टर्मिनल सर्व्हर' म्हणतात. ही व्यवस्था कशी चालते, ती उभारण्यास काय लागते आणि तिच्यावर कोठवर विसंबावे, याची ही माहिती.

थिन क्लायंट म्हणजे काय?

नेहमीच्या संगणकात प्रणाली, आज्ञावल्या आणि फायली त्याच्या स्वतःच्या हार्डडिस्कवर असतात आणि गणनाही तोच करतो. थिन क्लायंटकडे यांपैकी काहीच नसते. कळफलक आणि माउसवरील हालचाल सर्व्हरकडे पाठवणे व सर्व्हरकडून आलेले चित्र पडद्यावर दाखवणे, एवढेच त्याचे काम. विद्यार्थी पत्र लिहितो ते प्रत्यक्षात सर्व्हरवर लिहिले जाते आणि साठवले जाते तेही सर्व्हरवरच. म्हणूनच थिन क्लायंटला हार्डडिस्क लागत नाही. तो बंद पडला, तर त्याच्या जागी दुसरा ठेवता येतो आणि विद्यार्थ्याच्या कामाला धक्का लागत नाही.

या कल्पनेमागील तंत्र लिनक्सहूनही जुने आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अर्थात 'एमआयटी' येथे १९८४ मध्ये 'एक्स विंडो सिस्टिम' जन्माला आली. तिची अकरावी आवृत्ती, 'एक्स-११', १९८७ मध्ये आली. आज्ञावली एका यंत्रावर चालावी आणि तिची खिडकी दुसऱ्याच यंत्राच्या पडद्यावर उघडावी, ही सोय तिच्या रचनेतच होती. येथे एक शब्द गोंधळात टाकतो. 'एक्स'च्या परिभाषेत 'एक्स सर्व्हर' हा वापरणाऱ्याच्या समोरच्या यंत्रावर चालतो, कारण तो पडदा, कळफलक आणि माउस यांची सेवा पुरवतो. खोलीतील मोठे यंत्र सर्व्हर असले, तरी पडद्यापुरता सर्व्हर समोरचा लहान संगणकच असतो. हे ध्यानात ठेवले, की पुस्तकांतील सूचना उलट्या वाटत नाहीत.

प्रकल्पांचा इतिहास

विखुरलेली ही तंत्रे एकत्र बांधून सर्वांना वापरता येईल असा संच तयार करण्याचे काम अमेरिकेतील जिम मॅकक्विलन यांनी १९९९ मध्ये हाती घेतले. 'लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट', संक्षेपाने 'एलटीएसपी', हे त्याचे नाव. आज्ञावली मुक्त स्रोत असल्याने ती घेणे, बदलणे आणि पुढे देणे यांस आडकाठी नव्हती. यंत्रांची संख्या वाढली म्हणून परवान्याचा खर्च वाढण्याचाही प्रश्न नव्हता.

शाळांनी ती लवकर उचलली. अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यातील पोर्टलंड परिसरात एरिक हॅरिसन आणि पॉल नेल्सन यांनी रेड हॅट लिनक्स व एलटीएसपी यांची सांगड घालून 'के-१२ एलटीएसपी' हा शाळांसाठीचा संच सिद्ध केला. नॉर्वेत २ जुलै २००१ रोजी 'स्कूलेलिनक्स' हा प्रकल्प सुरू झाला. पुढे तो 'डेबियन एज्यु' या नावाने डेबियन प्रणालीचा भाग बनला. संपूर्ण शाळेचे जाळे एका मुख्य सर्व्हरभोवती उभे करणे हा त्याचा गाभा असून त्या सर्व्हरचे नाव 'तिएनर' आहे. नॉर्वेजियन भाषेत त्याचा अर्थ सेवक. ऑक्टोबर २००५ मध्ये आलेल्या 'एज्युबंटू'नेही एलटीएसपी सोबत दिली आणि सीडी घालून प्रयोगशाळा उभारण्याइतकी ती सोपी केली.

२०१९ मध्ये एलटीएसपीचे पुनर्लेखन झाले. ग्रीसमधील अल्किस जॉर्जोपुलोस यांनी ते केले. जुनी आणि नवी एलटीएसपी यांतील फरक महत्त्वाचा आहे, कारण महाजालावर दोन्हींच्या सूचना एकमेकींत मिसळलेल्या सापडतात. 'एलटीएसपी-५'पर्यंतच्या आवृत्त्यांत आज्ञावल्या सर्व्हरवर चालत. नव्या आवृत्तीत प्रणाली सर्व्हरवरून येते, फायली सर्व्हरवर राहतात, परंतु आज्ञावल्या समोरच्या यंत्राच्या प्रोसेसरवर आणि मेमरीत चालतात. अशा यंत्राला 'फॅट क्लायंट' म्हणतात. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या यंत्रांना हीच पद्धत अधिक सोयीची ठरते. त्याहून जुन्या, अशक्त यंत्रांना मात्र खरा थिन क्लायंटच करावा लागतो. त्यासाठी नव्या एलटीएसपीने यंत्र सुरू करून नंतर 'एक्स-टू-गो' किंवा 'एक्सआरडीपी' यांसारख्या आज्ञावलीने सर्व्हरच्या पडद्याशी जोडले जाते.

कळ दाबल्यापासून पडदा येईपर्यंत

हार्डडिस्क नसलेला संगणक सुरू कसा होतो, हा पहिला प्रश्न. याचे उत्तर जाळ्याच्या कार्डात आहे. इंटेलने प्रसृत केलेल्या 'पीएक्सई' या मानकामुळे कार्डातील लहानशी आज्ञावली संगणकाला जाळ्यावरून सुरू होण्यास शिकवते. पुढील क्रम असा असतो.

प्रथम यंत्र जाळ्यावर हाक देते, "मी कोण आणि मला काय मिळेल?" या हाकेला 'डीएचसीपी' सेवा उत्तर देते. ती यंत्राला आयपी पत्ता आणि सुरू होण्यासाठी आणावयाच्या फायलीचे नाव सांगते. दुसऱ्या टप्प्यात यंत्र 'टीएफटीपी' या साध्या मार्गाने ती फाईल व त्यापाठोपाठ लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, सर्व्हरवरून उतरवून घेते. तिसऱ्या टप्प्यात कर्नल जागा होतो आणि उरलेली प्रणाली 'एनएफएस'सारख्या मार्गाने जाळ्यावरूनच जोडून घेतो. ही प्रणाली 'स्क्वॉशएफएस' या दाबून लहान केलेल्या आणि केवळ वाचता येणाऱ्या स्वरूपात असते. त्यामुळे एकाच प्रतीवर वीस यंत्रे चालतात आणि कोणाही विद्यार्थ्याच्या हातून ती बिघडत नाही. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले, की ते मूळ स्थितीत येते. शेवटी पडद्यावर नाव आणि सांकेतिक शब्द विचारणारी चौकट दिसते.

हा क्रम पाठ असणे उपयोगाचे आहे. यंत्र कोठे अडले हे पडद्यावरील ओळींवरून कळते. पत्ताच मिळाला नाही, तर वायर, स्विच किंवा डीएचसीपी तपासावे. पत्ता मिळून फाईल आली नाही, तर टीएफटीपी किंवा सर्व्हरवरील फायरवॉल पाहावी. कर्नल सुरू होऊन मध्येच थांबला, तर एनएफएसकडे किंवा जाळ्याच्या कार्डाच्या ड्रायव्हरकडे वळावे.

जुन्या यंत्रांची निवड

देणगीत आलेले प्रत्येक यंत्र कामाचे असतेच असे नाही. निवडीच्या वेळी चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, प्रोसेसर ६४ बिटचा आहे की ३२ बिटचा. उबंटूने डेस्कटॉपसाठीची ३२ बिटची प्रत २०१७ मध्ये बंद केली. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या 'डेबियन १३'मध्येही ३२ बिटच्या संगणकांसाठी स्वतंत्र इन्स्टॉलर राहिला नाही. 'डेबियन १२' हीच तो असलेली शेवटची आवृत्ती. तेव्हा पेंटियम ३ किंवा आरंभीच्या पेंटियम ४ यंत्रांसाठी वेगळी ३२ बिटची प्रतिमा सांभाळावी लागते आणि हा मार्ग दिवसेंदिवस अरुंद होत आहे.

दुसरी, मेमरी. खऱ्या थिन क्लायंटला ५१२ एमबीतही चालवता येते. फॅट क्लायंट करायचा असेल आणि विद्यार्थी महाजालावर जाणार असतील, तर २ जीबीच्या खाली समाधान होत नाही. टाकाऊ यंत्रांतील मेमरीच्या पट्ट्या काढून चांगल्या यंत्रांत बसवणे हा येथे सर्वांत स्वस्त उपाय आहे. दहा अशक्त यंत्रांतून सहा सशक्त यंत्रे निघाली, तर तो फायद्याचाच व्यवहार.

तिसरी, जाळ्याचे कार्ड. त्यात पीएक्सईची सोय नसेल, तर 'आयपीएक्सई' ही मुक्त आज्ञावली पेनड्राइव्हवर किंवा जुन्या यंत्रांत सीडीवर घालून तेच काम साधते. नव्या धाटणीच्या यंत्रांत 'सिक्युअर बूट' आडवे आले, तर ते बायोसमधून बंद करावे लागते.

चौथी, यंत्राची प्रकृती. मदरबोर्डवरील फुगलेले कपॅसिटर हे यंत्र लवकरच जाणार असल्याचे लक्षण. मेमरीची पट्टी काढून तिचे सोनेरी टोक खोडरबराने पुसले, की 'मेलेली' म्हणून बाजूला ठेवलेली कित्येक यंत्रे पुन्हा उठतात. 'सीआर-२०३२' ही बटणाएवढी बॅटरी संपलेली असेल, तर वीज गेली की यंत्र जाळ्यावरून सुरू होण्याची नोंद विसरते आणि रोज सकाळी तीच तक्रार उद्भवते. ही बॅटरी सर्व यंत्रांत एकदमच बदलून टाकावी.

देणगीत आलेल्या हार्डडिस्कविषयी विशेष दक्षता हवी. कार्यालयांतून आलेल्या यंत्रांत लोकांची खाती, पत्ते, पगारपत्रके राहिलेली असू शकतात. फाईल पुसणे म्हणजे माहिती नाहीशी करणे नव्हे. लिनक्समधील 'श्रेड' ही आज्ञा पूर्ण डिस्कवर चालवावी. थिन क्लायंटला डिस्क नकोच असल्याने त्यानंतर ती काढून ठेवावी. त्यामुळे आवाज, उष्णता आणि थोडी वीजही वाचते. उरलेला कचरा भंगारवाल्याकडे न देता अधिकृत पुनर्चक्रण केंद्राकडे द्यावा. भारतात ई-कचऱ्याचे नियम मे २०१२ पासून अमलात आले आणि त्यांची सुधारित आवृत्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली.

सर्व्हरचा हिशेब

आडात नसेल तर पोहऱ्यात येणार कोठून, ही म्हण या व्यवस्थेला अक्षरशः लागू पडते. खऱ्या थिन क्लायंटच्या पद्धतीत सर्व मुलांचा भार एकाच यंत्रावर येतो. एलटीएसपी-५च्या मार्गदर्शिकेत मेमरीसाठी एक सूत्र दिलेले असे. २५६ एमबी अधिक प्रत्येक वापरकर्त्यामागे १९२ एमबी, असे ते सूत्र. त्यानुसार वीस यंत्रांना ४०९६ एमबी, म्हणजे ४ जीबी मेमरी पुरे. आजचे ब्राउझर पाहता हा आकडा फार अपुरा आहे. दोन-चार पाने उघडली, तरी एका वापरकर्त्याला काही शे एमबी लागतात. सर्वजण महाजाल वापरणार असतील, तर प्रत्येकी किमान १ जीबी धरावी. म्हणजे वीस यंत्रांच्या सर्व्हरला २४ ते ३२ जीबी मेमरी हवी. केवळ लेखन, चित्रकला आणि टंकलेखनाचा सराव एवढेच काम असेल, तर त्याहून बऱ्याच कमी मेमरीत भागते.

फॅट क्लायंटच्या पद्धतीत हिशेब उलटतो. गणना समोरच्या यंत्रावर होत असल्याने सर्व्हर हे प्रामुख्याने फायलींचे कोठार असते आणि ८ जीबी मेमरीचा साधा डेस्कटॉपही ती जबाबदारी पेलतो. तेथे वेगवान एसएसडी आणि चांगले जाळे यांना महत्त्व येते.

कोणतीही पद्धत घेतली, तरी सर्व्हरमध्ये दोन डिस्क ठेवून एकीची प्रत दुसरीवर आपोआप उमटेल अशी रचना करावी. तिला 'रेड-१' म्हणतात. एक डिस्क गेली तरी काम थांबत नाही. मात्र रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाईल दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी जाते. म्हणून आठवड्यातून एकदा तरी बाहेरच्या डिस्कवर प्रत घेऊन ती दुसऱ्या खोलीत ठेवावी.

जाळ्याची आखणी

जुन्या प्रयोगशाळांत अनेकदा 'हब' सापडतो. तो एका यंत्राकडून आलेला मजकूर सर्वांकडे पाठवतो आणि गर्दीत सर्वांचाच वेग बसतो. त्याऐवजी 'स्विच' घ्यावा. प्रत्येक यंत्राला १०० मेगाबिटची वाट चालते. परंतु सर्व्हर आणि स्विच यांच्यामधील दुवा १००० मेगाबिटचा, म्हणजे गिगाबिट असावा, कारण वीस वाटा तेथेच एकत्र येतात. 'कॅट-५-ई' वायर पुरे. तिची लांबी १०० मीटरच्या आत ठेवावी. वायरलेस जाळे या कामाला घेऊ नये. सर्वसाधारण यंत्रे पीएक्सईने त्यावरून सुरू होत नाहीत.

जाळ्याचा वेग कोठे अपुरा पडतो, हे एका हिशेबाने कळते. ६४० बाय ४८० बिंदूंच्या चित्रात ३,०७,२०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूला दोन बाइट धरले आणि सेकंदाला २५ चित्रे दाखवली, तर न दाबलेल्या चित्रफितीसाठी सेकंदाला सुमारे १२३ मेगाबिट लागतात. म्हणजे १०० मेगाबिटची संपूर्ण वाट एकच विद्यार्थी अडवून बसतो आणि तरीही चित्र अडखळते. जुन्या पद्धतीच्या थिन क्लायंटवर चित्रफिती का चालत नाहीत, याचे कारण हेच. फॅट क्लायंटवर दाबलेली फीत यंत्रापर्यंत येते आणि तेथेच उलगडते, म्हणून ही अडचण येत नाही.

प्रत्यक्ष उभारणी

उभारणीस आरंभ दोनच यंत्रांनी करावा. एक सर्व्हर आणि एक जुना संगणक. हे जमले, की उरलेली यंत्रे जोडणे हे केवळ वायर लावण्याचे काम उरते.

सर्व्हरवर प्रथम डेबियन किंवा उबंटूची ६४ बिटची दीर्घकाळ आधार असलेली आवृत्ती घालावी. जुन्या यंत्रांचा विचार करून 'एक्सएफसीई' किंवा 'माटे' यांसारखा हलका डेस्कटॉप निवडावा. विद्यार्थ्यांना लागणाऱ्या सर्व आज्ञावल्या येथेच बसवून घ्याव्यात, कारण याच प्रणालीची प्रतिमा पुढे सर्व यंत्रांवर जाते. त्यानंतर एलटीएसपी, डीएनएसमास्क, एनएफएस सर्व्हर, ओपनएसएसएच सर्व्हर आणि स्क्वॉशएफएसची साधने हे संच बसवावेत.

पुढे जाळ्याचा निर्णय येतो. इमारतीत आधीच एखादा राउटर आयपी पत्ते वाटत असेल, तर सर्व्हरने पत्ते वाटू नयेत. त्याने फक्त सुरू होण्याच्या फायलीची माहिती द्यावी. याला 'प्रॉक्सी डीएचसीपी' म्हणतात आणि 'एलटीएसपी डीएनएसमास्क' या आज्ञेने ते आपोआप घडते. एकाच जाळ्यात दोघांनी पत्ते वाटायला सुरुवात केली, की कोणते यंत्र कोणाचे ऐकेल याचा भरवसा राहत नाही, शिवाय शेजारच्या कार्यालयाचे जाळेही बिघडते. प्रयोगशाळा वेगळी ठेवायची असेल, तर सर्व्हरमध्ये दोन जाळ्याची कार्डे घालावीत. एक महाजालाकडे, दुसरे प्रयोगशाळेकडे. आतल्या बाजूला १९२.१६८.६७.१ हा पत्ता देण्याचा प्रघात आहे. अशा वेळी पत्ते वाटण्याचे काम सर्व्हरच करतो.

यानंतर चार आज्ञा क्रमाने द्याव्या लागतात. 'एलटीएसपी इमेज'ने सर्व्हरवरील प्रणालीची दाबलेली प्रतिमा तयार होते. यात मुलांच्या फायली जात नाहीत. 'एलटीएसपी आयपीएक्सई'ने सुरू होतानाची यादी बनते, 'एलटीएसपी एनएफएस'ने प्रतिमा जाळ्यावर खुली होते आणि 'एलटीएसपी इनिटआरडी'ने सेटिंग व वापरकर्त्यांची माहिती यंत्रांकडे जाण्यास सिद्ध होते. नवी आज्ञावली बसवली, तर प्रतिमा पुन्हा करावी लागते. नवे विद्यार्थी खाते उघडले, तर चौथी आज्ञा पुन्हा द्यावी लागते. 'काल खाते उघडले, आज आत जाता येत नाही' या नेहमीच्या तक्रारीचे मूळ येथे असते.

मग जुन्या यंत्राच्या बायोसमध्ये जाऊन सुरू होण्याच्या क्रमात जाळ्याला पहिले स्थान द्यावे आणि कळ दाबावी.

एखाद्या यंत्राचा पडदा नीट दिसत नसेल किंवा त्याला वेगळी सेटिंग हवी असेल, तर एलटीएसपीच्या नोंदवहीत त्या यंत्राच्या जाळ्याच्या कार्डाचा 'मॅक पत्ता' लिहून त्याखाली ती सूचना द्यावी. प्रत्येक यंत्राच्या कपाळी क्रमांक आणि मॅक पत्ता लिहिलेली चिठ्ठी डकवून ठेवली, तर हे काम सोपे जाते.

मराठी आणि वर्गातील वापर

भाषेच्या दृष्टीने ही व्यवस्था विशेष सोयीची आहे. देवनागरी युनिकोड फाँट, मराठी इनस्क्रिप्ट कळफलक आणि लिब्रेऑफिसचा मराठी मुखडा हे सर्व एकदा सर्व्हरवर बसवले, की पुढच्या प्रतिमेबरोबर प्रत्येक यंत्रावर पोचते. वीस यंत्रांवर वीसदा फाँट टाकण्याचा खटाटोप उरत नाही. एक अडचण मात्र आधीच ओळखावी. 'श्रीलिपी'सारख्या युनिकोडपूर्व पद्धतीत टंकलेल्या जुन्या फायली लिनक्सवर तो फाँट नसल्याने निरर्थक चिन्हांच्या दिसतात. त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावे लागते आणि हे काम स्थलांतरापूर्वीच उरकलेले बरे.

प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र खाते द्यावे. सर्वांना एकच खाते दिले, तर एकाने पुसलेली फाईल सर्वांची जाते आणि कोणी पुसली हे कळत नाही. शिक्षकांसाठी 'एपॉप्टेस' ही मुक्त आज्ञावली उपयुक्त आहे. या ग्रीक शब्दाचा अर्थ देखरेख करणारा. तिच्यातून सर्व पडदे एकत्र पाहता येतात, स्वतःचा पडदा सर्वांना दाखवता येतो आणि तास संपल्यावर सर्व यंत्रे एकदम बंद करता येतात. तास सुरू होताना मात्र सर्व यंत्रांची कळ एकाच क्षणी दाबू नये. जाळ्यावर एकदम गर्दी होऊन सर्वांनाच उशीर होतो. चार-चार यंत्रे सुरू केली, तर प्रत्यक्षात लवकर आटोपते.

मर्यादा कोणत्या?

या व्यवस्थेचे सर्वांत मोठे बळ तेच तिचे सर्वांत मोठे व्यंग आहे. सर्व्हर बंद, तर प्रयोगशाळा बंद. म्हणून त्याला चांगला यूपीएस अनिवार्य आहे. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राने तीव्र भारनियमन सोसले आणि ग्रामीण भागात वीज आजही अवचित जाते. वीज गेल्यावर क्लायंट बंद पडले, तरी सर्व्हर यूपीएसवर चालू असल्याने साठवलेल्या फायली सुरक्षित राहतात. न साठवलेल्या कामाचे काय होते, ते पद्धतीवर ठरते. जुन्या एलटीएसपी-५मध्ये दुवा तुटला, की उघडलेल्या आज्ञावल्याही बंद होत. फॅट क्लायंटवरही न साठवलेले काम जाते. एक्स-टू-गो किंवा एक्सआरडीपीत मात्र काम सर्व्हरवर जसेच्या तसे थांबून राहते आणि पुन्हा जोडल्यावर पुढे सुरू करता येते. वीज वारंवार जाते अशा ठिकाणी ही बाब निर्णायक ठरू शकते. स्विचलाही यूपीएसवर घ्यावे, हे अनेकदा विसरले जाते.

दुसरी मर्यादा विजेच्या बिलाची. जुने यंत्र फुकट मिळाले, तरी ते फुकट चालत नाही. काही पेंटियम ४ प्रोसेसरांची औष्णिक क्षमताच ८९ वॅट असे. त्यात जुना काचेचा मॉनिटर मिळवला, तर खर्च आणखी वाढतो. याउलट रास्पबेरी पाय ४ या लहान फलकाचा वीजपुरवठा १५ वॅटचा असतो आणि एलटीएसपी त्यावरही चालते. रोज आठ तास चालणाऱ्या प्रयोगशाळेने अतिजुनी यंत्रे सांभाळण्याआधी हा हिशेब मांडावा. आठवड्यातून दोन तास चालणाऱ्या शाळेला मात्र जुनी यंत्रेच परवडतात.

तिसरी मर्यादा आज्ञावलींची. एखादी परीक्षा, लेखा किंवा शासकीय आज्ञावली केवळ विंडोजवर चालत असेल, तर तेवढ्यापुरते एक-दोन विंडोज संगणक वेगळे ठेवणे शहाणपणाचे. सगळेच लिनक्सवर नेण्याच्या हट्टापायी कामाचा खोळंबा होतो आणि दोष मात्र लिनक्सला मिळतो.

चौथी मर्यादा माणसांची आहे आणि ती सर्वांत अधिक दुर्लक्षिली जाते. उत्साही शिक्षक किंवा माजी विद्यार्थी प्रयोगशाळा उभी करतो, त्याची बदली होते किंवा तो शहरात जातो आणि पहिल्याच बिघाडाला यंत्रे पुन्हा झाकली जातात. सर्व्हरचा सांकेतिक शब्द, जाळ्याचा आराखडा आणि प्रतिमा पुन्हा करण्याची कृती एका वहीत मराठीत लिहून कार्यालयात ठेवावी. किमान दोघांना ती कृती हाताने करून दाखवता आली पाहिजे. त्याशिवाय प्रयोगशाळा पूर्ण झाली असे समजू नये.

निर्णय कसा घ्यावा?

यंत्रे ६४ बिटची असून मेमरी २ ते ४ जीबी असेल, तर फॅट क्लायंटची पद्धत घ्यावी. सर्व्हरसाठी मोठा खर्च नाही आणि चित्रफितीही चालतात. यंत्रे त्याहून अशक्त, परंतु ६४ बिटची असतील आणि एक सशक्त सर्व्हर मिळण्याजोगा असेल, तर खरा थिन क्लायंट करावा. त्यातून लेखन, टंकलेखन, आज्ञावली लिहिण्याचे शिक्षण आणि साधे महाजाल साधते. यंत्रे ३२ बिटची, फुगलेल्या कपॅसिटरची आणि विजेला भारी असतील, तर त्यांतील उपयुक्त सुटे भाग काढून घेऊन उरलेली पुनर्चक्रणाकडे पाठवावीत. चार-पाचच यंत्रे असतील, तर सर्व्हरचा घाट न घालता प्रत्येकावर हलके लिनक्स स्वतंत्रपणे बसवणेच सोपे. दहा यंत्रांच्या पुढे मात्र एका ठिकाणी केलेली दुरुस्ती सर्वत्र पोचण्याचा लाभ ठळकपणे जाणवू लागतो.

मे महिन्याच्या सुट्टीत दोन यंत्रांवर प्रयोग करून पाहावा आणि त्याच सुट्टीत वही लिहून काढावी. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा प्रयोगशाळेच्या दाराची किल्ली आणि ती वही अशा दोन्ही गोष्टी दोन व्यक्तींकडे असाव्यात.